सगळ्यांची आई लक्ष्मीबाई
(रत्नागिरी जिल्ह्यातील नवसाक्षर भावाबहिणींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या महिन्यात वर्गात एक आजी मला म्हणाल्या, "बाई, माझ्या हाताला कोयत्याची सवय. पेन्सिल धरली की बोटं आखडतात. नातवंडं हसतात मला. या वयात अक्षरं गिरवून मला काय मिळणार, सांगा?"

मी त्या वेळी काही बोलले नाही. त्यांची पाटी हातात घेतली, 'क' नीट करून दिला आणि पुढे गेले. पण प्रश्न मनात राहिला. असल्या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये. आज तुम्ही सगळे जमला आहात, तेव्हा त्या आजींना आज उत्तर देते.

उत्तर म्हणून मी एका आईची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खरी आहे. त्या आईचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

टिळक म्हटल्याबरोबर तुम्हांला लोकमान्य आठवले असतील. साहजिकच आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली आपल्या रत्नागिरीतच झाला. पण मी सांगते ते टिळक वेगळे. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. तेही आपल्याच जिल्ह्याचे. करजगाव हे त्यांचे जन्मगाव, आणि जन्माचे साल १८६१. ते मोठे कवी झाले. पुढे ते ख्रिस्ती झाले, म्हणून लोक त्यांना रेव्हरंड टिळक म्हणतात. ख्रिस्ती लोकांत धर्मगुरूला रेव्हरंड म्हणतात. त्यांनी रचलेली भजने मराठी ख्रिस्ती मंडळी आजही देवळात गातात.

लक्ष्मीबाई या त्यांच्या पत्नी. म्हणजे आपल्या जिल्ह्याची सूनच की! सुनेची आठवण सासरच्या माणसांनी ठेवायची असते. म्हणून आज ही आठवण.

सोवळ्याचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात तिला मनू म्हणत.

मनूचे घर ब्राह्मणाचे. घरात सोवळेओवळे फार. १८५७ सालच्या बंडात तिच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या मनाने काही वेगळेच घेतले. त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. कोणी कोणाला शिवले, कोणाची सावली पडली, याचाच दिवसभर घोर. घरातल्या बायकांचे पाणी भरता भरता आणि धुता धुता हात सोलून निघत.

तुम्ही म्हणाल, बाई, हे तुम्ही का सांगता? सांगते. कारण या घरात वाढलेल्या मुलीने पुढे काय केले, ते पाहायचे आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मनूचे लग्न १८८० साली झाले. वय अकरा-बारा वर्षे. तेव्हा तशीच रीत होती. नारायण टिळक शिकायला नाशिकला येऊन राहिले होते. तिथे हे लग्न जुळले. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली.

मनू शाळेत गेली नव्हती. त्या काळी मुलींना शाळेत कोण घालणार? बाई शिकली तर नवरा मरतो, असे लोक उघड बोलत. आपल्याच दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे पुढे विधवांना शिकवू लागले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला बोलणी आणि बहिष्कार आलाच. सगळीकडे हीच तऱ्हा.

पण नारायण टिळकांचे मन वेगळे होते. आपल्या बायकोने वाचावे, लिहावे, असे त्यांना वाटे. त्यांनीच तिला अक्षरे शिकवली. ते शिकवणे कसले, रोजचे भांडणच! मास्तर तापट, विद्यार्थीण हजरजबाबी. कधी मास्तर रागावून उठायचे, कधी विद्यार्थीण. पुढे त्यांनी तिला इंग्रजी शिकवायचेही करून पाहिले. ते काही जमले नाही. पण मराठी अक्षरे मात्र हाताला लागली. मोडकी, वेडीवाकडी, पण तिची स्वतःची.

आजी, ऐकता ना? हाही एक साक्षरतेचा वर्गच होता. फरक एवढाच की वर्गात विद्यार्थीण एकटीच होती.

घर मोडले

टिळक माणूस कसा होता? मोठ्या मनाचा आणि एका जागी न टिकणारा. आज या गावी, उद्या त्या गावी. आज ही नोकरी, उद्या ती. हातात पैसा आला की तो दुसऱ्या गरजवंताच्या हातात जायचा. घरात पीठ आहे की नाही, हे लक्ष्मीबाईंनी पाहायचे. कधी न सांगता निघून जायचे, कुठे गेले ते कळायचे नाही. अशा माणसाबरोबर संसार करणे म्हणजे वाऱ्यावर दिवा लावणे.

टिळकांच्या मनाला एक प्रश्न छळत होता. आपला देश वर कसा येईल? माणसामाणसांत ही उच्चनीचता का? १८९३ साली ते आगगाडीने नागपूरकडून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने त्यांना बायबलातला नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो वाचला. येशूच्या शिकवणीने ते भारून गेले. दोन वर्षे मनाशी झगडले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती धर्मात येण्याचा पाण्याचा विधी.

घरी बातमी आली. लक्ष्मीबाईंवर काय कोसळले असेल, याचा विचार करा. वय सव्वीस-सत्तावीस. पदरात लहान मुलगा, दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला. त्याच्या घरी जावे तर जात जाते. न जावे तर नवरा जातो. माहेरची माणसे रडत होती, लोक सल्ले देत होते. कोणी म्हणे, विसर त्याला. कोणी म्हणे, तुझे नशीबच फुटके.

पुढची काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपूरला राहिल्या. दत्तूला वाढवत होत्या. रडत होत्या, पण देवावरचा भाव सुटला नव्हता. आणि नवऱ्यावरची मायाही सुटली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगते. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बायकोनेही लगेच बदलला, असे झाले नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला. वेळ घेतला. टिळकांनीही तिच्यावर जबरदस्ती केली नाही. घरातल्या माणसांची मने वेगळी असली तरी माया राहू शकते, हे या जोडप्याने दाखवले.

शेवटी मायेने ओढून नेले. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला टिळकांकडे आल्या. आज त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात.

पाण्याची गोष्ट

लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ आल्या खऱ्या, पण सोवळे बरोबर घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी. पाणी वेगळे. आपल्या हाताने भरलेलेच पाणी प्यायचे. भोवती ख्रिस्ती वस्ती. त्यांतले कितीतरी लोक मूळचे महार आणि मांग समाजाचे. त्यांची सावलीही नको, असे लहानपणापासून मनात भरलेले. वडिलांचे ते वेड आठवा.

या माणसांच्या शेजारी राहताना लक्ष्मीबाईंच्या मनात रोज ओढाताण व्हायची. ही माणसे आपल्याशी प्रेमाने वागतात. आपले मूल उचलून घेतात. आजारपणात धावून येतात. आणि आपण त्यांच्या हातचे पाणी पीत नाही!

एके दिवशी त्या विचार करीत बसल्या. जात कोणी केली? देवाने की माणसाने? देवाने केली असती, तर त्याने माणसांच्या अंगावर तशी खूण ठेवली असती. गाय वेगळी दिसते, घोडा वेगळा दिसतो. पण माणसे? सगळ्यांना दोन हात, दोन डोळे, तेच लाल रक्त. जन्मही तसाच, मरणही तसेच. मग हा विटाळ कुठून आला? तो माणसानेच केला.

असा उजेड पडला आणि लक्ष्मीबाईंनी ठरवले, यापुढे मी कोणाच्याही हातचे खाईन, कोणाच्याही हातचे पाणी पिईन.

आणि तशा वागल्या. नुसते बोलल्या नाहीत. बाप्तिस्मा नंतर घेतला, १९०० साली. विटाळ आधी टाकला.

मंडळी, मला या आईच्या चरित्रात ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. धर्म कोणता चांगला, हे सांगायला मी इथे उभी नाही. ज्याचा देव त्याच्यापाशी. या मेळाव्यात हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. पण भक्ती खरी आहे की नाही, हे कुठे कळते? देवळात कळत नाही. पाणवठ्यावर कळते.

मी माझेच सांगते. माझी आजी फार देवभोळी. पहाटे उठून तुळशीला पाणी घालायची. पण उन्हातून आलेल्या गड्याला पाणी द्यायचे, तर तांब्या उंच धरून त्याच्या ओंजळीत वरून ओतायची. तो अंगणात वाकून प्यायचा. मी पडवीत उभी राहून ते पाहायची. मला त्यात काही वाईट वाटायचे नाही. सगळे असेच करतात, असे वाटायचे. पुढे लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचले, तेव्हा तो वाकलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याचे नावसुद्धा मला माहीत नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. पुस्तक वाचून एवढे झाले, तर वाचन फुकट गेले नाही, असे मी समजते.

आपल्या कोकणात या पाण्यासाठी मोठे लढे झाले. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तेही आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उघडले. १९५० साली राज्यघटना आली आणि अस्पृश्यता कायद्याने संपली. १९५५ साली ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाही झाला.

कायदा झाला. पण मनातले सोवळे कायद्याने धुऊन निघत नाही. ते ज्याचे त्याने धुवायचे. लक्ष्मीबाईंनी ते स्वतः धुतले, कायदा होण्याच्या पन्नास वर्षे आधी.

आई कोणाची?

आई म्हटले की आपल्याला श्यामची आई आठवते. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. त्यांच्या आईने श्यामला वाढवले. लक्ष्मीबाईंनी दत्तूला वाढवले. पण त्या एका दत्तूच्याच आई राहिल्या नाहीत.

१८९६ पासून पुढे काही वर्षे मोठे वाईट दिवस आले. पाऊस दडी मारून बसला. दुष्काळ पडला. १८९९ आणि १९०० साली तर फारच मोठा दुष्काळ पडला. त्यातच मुंबईहून प्लेगची साथ पसरली. माणसे किड्यामुंगीसारखी मेली. कितीतरी मुले अनाथ झाली.

अशी मुले टिळकांच्या घरात आली. टिळक मुलांना घेऊन यायचे आणि लक्ष्मीबाईंच्या हवाली करायचे. त्यांना काय देणार, कुठे झोपवणार, हा हिशेब टिळकांच्या डोक्यात नसे. तो लक्ष्मीबाईंनी करायचा. त्या चिडायच्या. नवऱ्याशी भांडायच्या. आणि भांडता भांडता मुलांना आंघोळ घालायच्या, वाढायच्या, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढायच्या. तारा नावाची एक मुलगी तर त्यांनी लेक म्हणूनच वाढवली.

सेवा म्हटली की आपल्याला वाटते, सेवा करणारा माणूस शांत असतो, हसतमुख असतो, कधी रागावत नाही. लक्ष्मीबाई तशा नव्हत्या. त्यांना राग यायचा. त्या थकायच्या. पण पुढे आलेले मूल त्यांनी परत पाठवले नाही. तुमच्यातल्या ज्या बायका चार माणसांचे करता करता करवादतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. करवादले म्हणून केलेले वाया जात नाही.

नगरला प्लेग आला. प्लेग म्हणजे त्या काळचे मरणाचे बोलावणे. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, ताप चढायचा, आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. सख्खी माणसे आजाऱ्याला सोडून पळत. अशा वेळी लक्ष्मीबाई प्लेगच्या दवाखान्यात राहिल्या. आजाऱ्यांचे त्यांनी केले. कोणाला पाणी पाज, कोणाचे अंग पूस, कोणाला धीर दे. सोवळ्याच्या घरात वाढलेली मुलगी आता प्लेगच्या आजाऱ्याच्या तोंडात पाणी घालत होती. कोण कुठल्या जातीचा, हे विचारायला वेळ नव्हता, आणि मनही नव्हते.

त्यांच्या घरी आणखी एक मुलगा आला. नाव त्र्यंबक ठोंबरे. खानदेशातल्या धरणगावचा. वय कोवळे, घरची गरिबी, आणि डोक्यात नुसत्या कविता. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. हा मुलगा मोठा लहरी. रुसायचा, हट्ट करायचा. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवे काढले, त्याला पोटच्या पोरासारखे जपले. हा त्र्यंबक म्हणजेच बालकवी. त्यांच्या कविता तुमच्या नातवंडांच्या पुस्तकात असतात. 'फुलराणी' ही त्यांचीच. १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात ते गेले. लक्ष्मीबाईंना ते दुःख पोटच्या मुलाच्या दुःखासारखेच झाले.

म्हणून मी म्हणते, लक्ष्मीबाई आई कोणाची, हा प्रश्नच नको. जो भुकेला आला, त्याची.

नवरा गेल्यावर

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. देवाचे काम पगार घेऊन करायचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. ते साताऱ्याला गेले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूला मानणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, कोणीही यावे. विचार मोठा होता. पण घरातली मिळकत गेली. लक्ष्मीबाईंनी पुन्हा पदर खोचला.

दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई त्या वेळी पन्नाशीच्या होत्या.

आपल्याकडे पन्नाशीची विधवा म्हणजे काय? कोपऱ्यात बसायचे, जप करायचा, सुनेने वाढले ते खायचे. संपले आयुष्य! पण लक्ष्मीबाईंचे मोठे काम तर इथून पुढे सुरू झाले. आजी, आता नीट ऐका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

टिळकांनी येशूचे चरित्र मोठ्या काव्यात लिहायला घेतले होते. त्याचे नाव 'ख्रिस्तायन'. जसे रामायण, तसे ख्रिस्तायन. पण ते पुरे झाले नाही. दहाच्या आसपास अध्याय झाले आणि टिळक गेले. आता ते कोण पुरे करणार? मोठमोठे पंडित होते, शिकलेले धर्मगुरू होते. पण ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी! जिने कधी शाळा पाहिली नाही, नवऱ्याशी भांडत जी अक्षरे शिकली, तिने पुढचे ६४ अध्याय लिहिले. ते पुस्तक १९३८ साली छापून निघाले.

हे कसे जमले? मला वाटते, आपल्या बायकांच्या कानावर लहानपणापासून जात्यावरच्या ओव्या असतात. मुळात ओवी घरातलीच. तिला फक्त कागदावर यायला वाट हवी असते. अक्षर ही ती वाट. लक्ष्मीबाईंच्या कवितांचे एक पुस्तकही आहे. त्याचे नाव 'भरली घागर'. पाहा, बाईच्या डोक्यावरची रोजची घागर. तीच त्यांच्या पुस्तकाचे नाव झाली.

आठवणींचे पुस्तक

पुढे मुलगा देवदत्त, म्हणजे आपला दत्तू, आईच्या मागे लागला, "आई, बाबांच्या आठवणी लिही." लक्ष्मीबाई लिहू लागल्या. त्या आठवणी नाशिकच्या 'संजीवनी' या पत्रात येऊ लागल्या. लोक पुढच्या अंकाची वाट पाहू लागले. १९३४ सालापासून त्या पुस्तकाच्या रूपाने निघाल्या. पुस्तकाचे नाव 'स्मृतिचित्रे'. स्मृती म्हणजे आठवण. आठवणींची चित्रे. एकंदर चार भाग झाले.

त्या वेळी लक्ष्मीबाईंचे वय किती? सहासष्ट वर्षे.

योगायोग पाहा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून 'श्यामची आई' लिहिले. आपल्या जिल्ह्याचा एक मुलगा आपल्या आईची गोष्ट लिहीत होता. त्याच काळात आपल्या जिल्ह्याची एक सून, स्वतः आई, स्वतःची गोष्ट सांगत होती. दोन्ही पुस्तके आजही घरोघरी वाचली जातात.

'स्मृतिचित्रे' या पुस्तकात असे काय आहे? मोठे शब्द नाहीत. उपदेश नाही. ओटीवर बसून शेजारणीला सांगावे, तसे सगळे सांगितले आहे. नवऱ्याचे चुकले ते सांगितले, आपले चुकले तेही सांगितले. वडिलांचे सोवळे सांगताना हसवले आहे. दुःख सांगताना गळा काढलेला नाही. नवऱ्याने सोडून गेल्याचे दिवसही खोटी झाकपाक न करता लिहिले आहेत. शिकलेल्या पंडितांनी ते वाचले आणि मान डोलावली. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. इंग्रजीतही त्याचे भाषांतर झाले आहे.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला वारल्या.

मग काय मिळणार?

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे येते. या वयात अक्षरे गिरवून काय मिळणार?

पहिली गोष्ट. बसची पाटी वाचता येईल. बँकेच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करता येईल. रेशनच्या पावतीवर किती लिहिले, किती दिले, ते पाहता येईल. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येईल. हे तर आहेच. हे लहान नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्या मनात जे प्रश्न येतात, तेच दुसऱ्या कोणाच्या मनात कधी आले होते का, हे पुस्तकातून कळते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना पडला. तुम्हांलाही कधी पडला असेल. त्यांना काय सापडले, ते तुम्ही वाचू शकता. त्या आपल्यात नाहीत, तरी तुमच्याशी बोलू शकतात. अक्षराची ही ताकद आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. तुमची गोष्ट तुम्हांलाच माहीत आहे. किती पावसाळे पाहिले, किती भात लावले, मुंबईला गेलेल्या धन्याची वाट किती पाहिली, कोणती पोरे जगली आणि कोणती गेली. हे सगळे तुमच्या पोटात आहे. तुम्ही गेलात की तेही जाईल. नातवंडांना आजी होती एवढेच आठवेल. कशी होती, ते आठवणार नाही. ते चार ओळींत का होईना, लिहून ठेवले तर राहील. वेडेवाकडे लिहा. लक्ष्मीबाईंचीही सुरुवात वेडीवाकडीच होती.

आणि एक काम. ते पाटीवरचे नाही. आपल्या या वर्गात मी पाहते, काही बायका चटईच्या एका टोकाला बसतात आणि काही दुसऱ्या टोकाला. कोणी कोणाला बस म्हणून सांगितलेले नाही. तरी बसतात. मधे हातभर जागा रिकामी राहते. पाण्याचा माठ एकच आहे, पण काही जणी घरून बाटली आणतात आणि तहान लागली तरी माठाकडे येत नाहीत. मला दिसते. तुम्हांलाही दिसते. आपण कोणी बोलत नाही.

आज मी बोलते. उद्यापासून ती मधली जागा रिकामी ठेवायची नाही. पाणी ज्या बाईने भरले, तिच्या हातचे सगळ्यांनी प्यायचे. आधी मी पिईन. हा वर्गाचा नियम नाही, मी कोणाची हजेरी मांडणार नाही. लक्ष्मीबाईंनाही कोणी नियम घालून दिला नव्हता. त्यांचे त्यांनीच ठरवले आणि तशा वागल्या.

आजी, तुम्ही मागे बसला आहात. पुढे या. तुमच्या शेजारी जागा आहे, तिथे कोणालाही बसू दे. आणि पाटी आणली आहे ना? आज 'आई' हा शब्द लिहू. दोनच अक्षरे आहेत. बोटे दुखली तरी चालतील.